भंगारातली तबकडी

[जुन्या, विस्मरणात गेलेल्या ध्वनिमुद्रिका पुन्हा कशा सापडतात आणि त्या शोधण्यासाठी माणसे एवढी का धडपडतात, याची माहिती या पाठात दिली आहे. चरणजितसिंग यांच्या तबकडीची हकीकत विशेष लक्ष देऊन वाचा.]



चिखलीजवळची कुदळवाडी तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांतून निघणारे लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिकची पिंपे, तारांची वेटोळी, लाकडी खोकी असा टाकाऊ माल वर्षानुवर्षे तेथे येत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडली. त्यामुळे धंदा पांगला. बंद मात्र पडला नाही. कारखाने आहेत तोवर भंगार निघणारच. (भंगार म्हणजे आपल्या उर्दूतले 'कबाड'.)

भंगाराच्या दुकानात सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती? काटा. लोखंडाचा भाव वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा, कडक प्लास्टिकचा वेगळा. पण प्रत्येक वस्तूला काट्यावर चढावेच लागते. आता अशी कल्पना करा, की कोणाच्या तरी घरचा माळा साफ करताना निघालेली एक काळी, गोल, चकचकीत चकती त्या काट्यावर आली. तिचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. काटा अगदी खरे सांगेल. ती चकती प्लास्टिकच्या ढिगात जाईल, यंत्रात भरडली जाईल, तिचा चुरा होईल, चुऱ्याचा दाणा होईल आणि त्या दाण्यापासून एखादा पाइप किंवा चपलेचा तळ तयार होईल. यात दुकानदाराची काही चूक नाही. त्या चकतीत चाळीस मिनिटांचे गाणे भरलेले आहे, हे काट्याला कळत नाही.

अशा चकतीला मराठीत 'ध्वनिमुद्रिका' किंवा 'तबकडी' म्हणतात. पहिला शब्द जरा जड आहे. दुसरा मात्र तुम्हांला अगदी सोपा जावा; कारण तो 'तबक' या शब्दावरून आला आहे. तबक म्हणजे ताट. अरबी-फारसीतून मराठीत आलेला हा शब्द तुमच्याच घरातला आहे. लहानसे तबक ती तबकडी. घरातली वडीलधारी माणसे तिला 'तवा' म्हणताना तुम्ही कदाचित ऐकले असेल. ताट काय, तवा काय, दोन्ही स्वयंपाकघरातलेच!

एक कोडे घालतो. एलपी तबकडी हातात घेतली, तर तिच्यावर बारीक बारीक गोल रेषा दिसतात. या रेषा म्हणजे खाचा. तर एका बाजूला अशा किती खाचा असतात? वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा कोणी शंभर म्हणतो, कोणी हजार. खरे उत्तर आहे, एक! बाहेरच्या कडेपासून मधल्या कागदी लेबलापर्यंत एकच खाच जिलेबीसारखी आत आत वळत जाते. तिची लांबीही काढता येते. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. एक बाजू २२ मिनिटे चालली, तर सुमारे ७३३ फेरे होतात. एका फेऱ्याची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटर धरली, तर खाच जवळजवळ पावणेपाचशे मीटर लांब भरते. सुई एवढा रस्ता चालून जाते. या रस्त्याच्या दोन्ही भिंती सरळ नसतात. त्या नागमोडी असतात. गायकाचा आवाज, ढोलकीची थाप, तारेची कंपने यांचाच आकार त्या भिंतींना दिलेला असतो. सुई त्या वळणांबरोबर थरथरते, त्या थरथरण्याची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. म्हणून तबकडीवर एक ओरखडा पडला, की गाणे अडखळते.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेपासून बनवत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे जी लाख तयार करतात, तीच ही लाख. ती तबकडी हातातून पडली, की पापडासारखी फुटे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून गाणीही तेवढीच. १९४८ साली प्लास्टिकची एलपी निघाली आणि गाणाऱ्याला ऐसपैस जागा मिळाली.

आता आपल्या विषयाकडे वळू. लोणावळा लोकलने तुम्ही कधी गेला असाल, तर मळवली हे स्टेशन पाहिले असेल. कार्ला आणि भाजे येथील लेण्यांना जाण्यासाठी लोक तेथे उतरतात. या शांत मळवलीत १९७१ साली 'स्नेहयात्रा' नावाचा एक मोठा संगीतमेळा भरला होता. लांब केस, रंगीबेरंगी सदरे, विजेवर वाजणाऱ्या गिटारी! त्या काळी मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, शिलाँग अशा शहरांत तरुणांचे अनेक बँड होते. ते इंग्रजी पॉप आणि रॉक संगीत वाजवीत. त्यातल्या एका प्रकाराला 'सायकेडेलिक' म्हणतात. गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करायचा, घुमवायचा, लांबवायचा. ऐकणाऱ्याला स्वप्नात असल्यासारखे वाटले पाहिजे, अशी त्यामागची कल्पना. या संगीताचे नाव नशेशीही जोडले गेले. ते लपवण्यात अर्थ नाही. पण गिटारवर महिनोन्महिने घासून मेहनत करणारी मुले नुसत्या धुंदीत काही घडवू शकली नसती, असे मला वाटते.

या मुलांना स्वतःची तबकडी काढणे परवडत नसे. एका सिगारेट कंपनीने आपल्या मालाची जाहिरात म्हणून 'सिमला बीट' या नावाने बँडच्या स्पर्धा घेतल्या. सिगारेट वाईटच, परंतु त्या स्पर्धेतल्या बँडची गाणी १९७० आणि १९७१ साली दोन एलपींवर निघाली, म्हणून ती आज ऐकायला मिळतात. चेन्नईचा 'कन्फ्यूजन्स', शिलाँगचा 'फेंटोन्स' ही त्यांतली नावे. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडचीही एकच एलपी निघाली, आणि तीही बँडची भरभराट ओसरल्यावर. पुढे २०११ मध्ये ती अमेरिकेतील एका कंपनीने पुन्हा काढली. या साऱ्या काळाची हकीकत सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' या २०१४ सालच्या इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे.

हे संगीत हरवले कसे? मुळात तबकड्या थोड्या काढल्या. गाणी इंग्रजीत, म्हणून घराघरांत ती पोचलीच नाहीत. घरात विविध भारती लागे आणि तिच्यावर चित्रपटगीते. १९८० नंतर स्वस्त कॅसेटींचा पूर आला, तेव्हा तबकडी वाजवण्याचे यंत्रच माळ्यावर गेले. यंत्र नाही, तर तबकडी कशाला? जी वस्तू वाजत नाही ती अडगळ होते, आणि अडगळ दिवाळीच्या किंवा ईदच्या सफाईत घराबाहेर जाते. एखादे पुस्तक निदान उघडून तरी पाहता येते. तबकडीचे तसे नाही. ती मुकी असते.

आता चरणजितसिंग यांची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १९४० चा. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ते वाजवीत असत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांबरोबर त्यांनी काम केले. अशा वादकांचे नाव पडद्यावर येत नसे. गाणे लोकांच्या तोंडी होई, वादक कोण हे कोणी विचारीत नसे.

१९८० मध्ये 'कुर्बानी' चित्रपट आला, १९८१ मध्ये नाझिया हसन यांचा 'डिस्को दीवाने' आला, आणि जो तो डिस्कोच्या तालावर डोलू लागला. चरणजितसिंग यांच्याकडे त्या वेळी परदेशातून आणलेली जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी विजेची वाद्ये होती. एक सूर वाजवणारा सिंथेसायझर, एक ठेका देणारे यंत्र आणि एक लहानशी चंदेरी पेटी. या पेटीचे नाव टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथ म्हणून खर्जातले सूर वाजवणे, एवढेच तिचे काम. पण तिचा आवाज खऱ्या गिटारसारखा मुळीच येत नसे. ती फारशी खपली नाही आणि कंपनीने १९८४ मध्ये ती बनवणे बंद केले.

परंतु त्या पेटीत एक खोड होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना ती उडी मारण्याऐवजी घसरत जाऊ शके. गिटारवाल्यांना याचा विशेष उपयोग नव्हता. आपल्या संगीतात मात्र या घसरण्याला मोठा मान आहे. त्याला 'मींड' म्हणतात. सतारवादक तार ओढून जे करतो ते हेच. चरणजितसिंग यांनी ही गोष्ट हेरली. ठेका डिस्कोचा आणि वर राग आपले, अशी एक एलपी त्यांनी १९८२ मध्ये तयार केली. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग त्यात आहेत. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' असे तिचे लांबलचक इंग्रजी नाव. कुत्र्याचे चित्र असलेल्या एचएमव्ही कंपनीने ती काढली.

ती चालली नाही. रागांच्या चाहत्यांना ठेका आवडला नसावा आणि नाचणाऱ्यांना राग. चरणजितसिंग पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागले.

वीस वर्षे लोटली. २००२ मध्ये एडो बाउमन नावाचा नेदरलँड्सचा एक संग्राहक भारतात जुन्या तबकड्या शोधत फिरत होता. दिल्लीच्या एका दुकानात त्याला ही एलपी मिळाली. मुक्कामावर परतल्यावर सोबतच्या लहानशा यंत्रावर त्याने ती लावली आणि तो चकित झाला. का, ते समजण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल. तेथे शिकागो शहरात काही तरुणांनी तीच टाकाऊ ठरलेली ३०३ पेटी जुन्या मालातून स्वस्तात घेतली होती. तिची बटणे उलटसुलट फिरवून त्यांनी एक नवाच आवाज काढला आणि १९८७ मध्ये त्याची तबकडी आली. त्यातून 'ॲसिड हाऊस' नावाचे नाचाचे संगीत जन्मले आणि युरोपभर पसरले. बाउमनला ते संगीत चांगले ठाऊक होते. आणि येथे तोच आवाज, त्याच पेटीवर, पाच वर्षे आधी, मुंबईत!

२०१० मध्ये बाउमनने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीतर्फे ती एलपी पुन्हा काढली. तेव्हा काही लोकांना ही थट्टाच वाटली. कोणा आधुनिक संगीतकाराने जुने वेष्टन छापून लोकांना फसवले आहे, असे ते म्हणू लागले. पण चरणजितसिंग हयात होते, मुंबईतच राहत होते. मग वर्तमानपत्रांचे लोक त्यांच्याकडे आले, परदेशातून आमंत्रणे आली आणि वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी युरोपातील श्रोत्यांपुढे आपले हे राग वाजवले. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. तबकडी आणखी दहा वर्षांनी सापडली असती तर?

येथे एक सावधगिरी बाळगा. 'ॲसिड हाऊस भारतात जन्मले' असे काही जण अभिमानाने लिहितात. ते बरोबर नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, याला कोणताही पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणच्या माणसांना आपापल्या वाटेने एकसारखा आवाज सापडला, एवढेच खरे आहे. आणि माझ्या मते तेवढे पुरेसे नवलाचे आहे. मला स्वतःला त्यातला ललित फार आवडतो. काही राग जरा यंत्रासारखे वाटतात. तुमचे मत निराळे असू शकेल.

हे सर्व शोध परदेशी माणसांनीच लावले, असे समजू नका. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था मुंबईत १९९० पासून काम करू लागली. अनेकांनी आपल्या पगारातून पैसे वाचवून मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात फेऱ्या मारल्या. (पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत आणि तो भरतो मात्र बुधवारी आणि रविवारी!) पण या संग्राहकांचे लक्ष बहुधा नाट्यगीते, ठुमरी, कव्वाली, चित्रपटगीते यांकडे होते. मुंबईच्या पोरांचे इंग्रजी गाणे कोणाला जपण्यासारखे वाटले नाही. ज्याला आपण 'आपले' म्हणत नाही, ते आपण लवकर टाकतो.

मीही टाकले आहे. माझ्या नानांजवळ पत्र्याच्या एका पेटीत पंचवीस-तीस तबकड्या होत्या. बऱ्याचशा कव्वालीच्या आणि चित्रपटांतल्या. दोन-तीन मात्र इंग्रजी होत्या. कारखान्यातल्या कोणी सोबत्याने नोकरी सोडून जाताना त्या त्यांना दिल्या होत्या. नानांना इंग्रजी येत नव्हते. तरी ते त्या पुसून ठेवीत. यंत्र केव्हाच बिघडले होते. मी सहावीत असताना ईदच्या आधी घराला चुना लावायचा होता. अम्मीने रद्दी देऊन यायला सांगितले. पत्र्याचे पैसे जास्त येतात हे मला माहीत होते, म्हणून मी ती पेटीही सायकलवर बांधली. दुकानदाराने पेटी वेगळी तोलली, तबकड्या वेगळ्या तोलल्या. आलेल्या पैशांतून मी क्रिकेटचा एक चेंडू घेतला. संध्याकाळी नाना कामावरून आले, कोपऱ्याकडे पाहून म्हणाले, "तवे कुठे गेले?" मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. मला मार बसला असता तर बरे झाले असते. एका वेष्टनावर नारिंगी आणि जांभळी, वितळल्यासारखी अक्षरे होती, एवढे मला आठवते. ती सिमला बीटची होती, की दुसरीच कुठली सामान्य तबकडी होती, हे आता मला कधीच कळणार नाही.

म्हणून तुम्हांला काही कामाच्या गोष्टी सांगतो. घरात, नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या भंगाराच्या दुकानात तबकडी दिसली, तर ती कडेला आणि मधल्या लेबलाला धरूनच उचला. खाचांवर बोटे लावू नका. जुन्या, बोथट सुईवर ती लावून पाहण्याची घाई करू नका, कारण तशी सुई खाचेच्या भिंती खरवडते. गरम पाण्याने धुऊ नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट तर मुळीच लावू नका, लाख त्यात विरघळते. एकावर एक रचून ठेवू नका. वहीसारखी उभी ठेवा. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात ती वाकडी होते.

त्यानंतर तिची माहिती लिहून घ्या. लेबलावरचे कंपनीचे नाव, क्रमांक, गायकांची आणि वादकांची नावे. लेबलाला लागून जी मोकळी काळी जागा असते, तेथे उजेडात तिरपे धरून पाहिले तर कोरलेला एक बारीक क्रमांक दिसतो, तोही उतरवा. तबकडी कोठे मिळाली, आधी कोणाची होती, हे विचारा. वेष्टनावर पेनने कोणी नाव किंवा तारीख लिहिलेली असते. ती खोडू नका. गाणे ऐकून झाल्यावर ते लगेच सर्वांना पाठवण्याचा मोह होईल. पण आपल्या देशात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर पुढची ६० वर्षे त्याच्या मालकाचा हक्क असतो. मालक किंवा कलाकार सापडतो का, हे आधी पाहावे.

माझ्या वर्गात यासाठी आम्ही एक वही केली आहे. आजपर्यंत तिच्यात ११ नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या ६ चित्रपटांच्या, ३ कव्वालीच्या आणि १ भाषणाची. उरलेली अकरावी नोंद एका फुटक्या तबकडीची आहे. नववीतल्या एका मुलीने ती आपल्या मामूंच्या गोदामातून आणली. तिचे अर्धेच लेबल शिल्लक आहे. त्यावर 'बॉम्बे' हा शब्द आणि क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे वाचता येतात. तिने ते वहीत लिहिले आहेत आणि पुढची जागा मोकळी सोडली आहे.

स्वाध्याय

१. एलपीच्या एका बाजूला किती खाचा असतात? लेखकाने खाचेची लांबी कशी काढली, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'भारतात ॲसिड हाऊस जन्मले' हे विधान लेखकाला का मान्य नाही?

३. "मला मार बसला असता तर बरे झाले असते." असे लेखकाला का वाटले असेल?

४. काटा, माळा, अडगळ, वेष्टन, ओरखडा या शब्दांचे उर्दू प्रतिशब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या तरुणपणीच्या गाण्यांविषयी विचारा. त्यांनी सांगितलेले दहा ओळींत मराठीत लिहा.